आपल्या माहितीतल्या कलावंताला पद्म पुरस्कारासाठी कसं सुचवायचं: पात्रता, कागदपत्रं आणि त्या ८०० शब्दांचं गणित

२५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते आणि कट्ट्यावर दरवर्षीचा वाद सुरू होतो. किशोरकुमारला काहीच कसं नाही मिळालं? पंचमदांना, म्हणजे राहुलदेव बर्मनना, का नाही? आशाताईंना २००८ साली थेट पद्मविभूषण, मग आधीची एवढी वर्षं सरकार काय करत होतं? वाद रंगतो, चहा येतो, आणि शेवटी कुणीतरी आपल्याच तालुक्यातल्या ढोलकीवाल्या अण्णांचं नाव काढतं. पंचेचाळीस वर्षं तमाशाच्या फडावर वाजवलं त्या माणसाने, त्याला कोण विचारतं?

मी त्या वेळी विचारलं, "अण्णांचा फॉर्म कुणी भरलाय का?" कुणीच भरला नव्हता. भरता येतो हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. मग आम्हीच बसलो. त्या खटाटोपात जे कळलं ते खाली लिहितोय.

आधी अंदाज असावा म्हणून दोन आकडे. २०२४ च्या पुरस्कारांसाठी देशभरातून ६२ हजारांहून जास्त नामांकनं आली होती आणि पुरस्कार मिळाले १३२ जणांना. त्यात डॉक्टर, शास्त्रज्ञ, खेळाडू, समाजसेवक सगळे आले. वर्षाला जास्तीत जास्त १२० पुरस्कार ही मर्यादा आहे. मरणोत्तर पुरस्कार आणि परदेशी, अनिवासी किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची) मंडळी तिच्याबाहेर धरतात, म्हणून आकडा थोडा वर जातो. तेव्हा फॉर्म भरला की पुरस्कार आला असं समजून पेढे सांगून ठेवू नका.

कुणाला सुचवता येतं

जात, धर्म, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा कुठलाही भेद नाही. फक्त व्यक्ती हवी. भजनी मंडळ, बँडपथक, फड किंवा संस्थेच्या नावाने नामांकन चालत नाही. जोडी मात्र बसते: २०१२ साली उमाकांत आणि रमाकांत गुंदेचा या ध्रुपद गाणाऱ्या भावांना मिळून पद्मश्री मिळाली. जोडीचा पुरस्कार मोजताना एकच धरला जातो.

सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी नोकरीत असेपर्यंत अपात्र असतात. डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना यातून सूट आहे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना नाही. तुमचा तबलजी एखाद्या सरकारी कार्यालयात कारकून असेल तर निवृत्तीपर्यंत थांबा.

सुचवणारा कोणीही नागरिक असू शकतो. आमदाराचं पत्र, संस्थेचा शिक्का, असलं काही लागत नाही. स्वतःचं नामांकन स्वतः करायलाही परवानगी आहे. आपल्याकडे ते शोभत नाही असं मानतात, पण नियमात बसतं.

आता किशोरकुमार आणि पंचमदांचा प्रश्न. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. अगदीच लायक माणूस असेल तर विचार होतो, पण मृत्यू ताजा हवा, म्हणजे ज्या प्रजासत्ताक दिनाला पुरस्कार जाहीर व्हायचा त्याच्या आधीच्या साधारण वर्षभरातला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम सप्टेंबर २०२० मध्ये गेले आणि २०२१ च्या यादीत पद्मविभूषण म्हणून आले, ते असं. किशोरकुमार १९८७ मध्ये गेले, राहुलदेव बर्मन १९९४ मध्ये. ती वाट कायमची बंद आहे. भूपेन हजारिकांना निधनानंतर सात वर्षांनी, २०१९ साली सन्मान मिळाला, पण तो भारतरत्न. भारतरत्नासाठी फॉर्म नसतो. पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, आपण कट्ट्यावर वाद घालायचा तेवढा घालावा.

थोडक्यात, म्हातारा माणूस हयात आहे तोवरच हात चालवा. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाणांना पद्मश्री मिळाली २०२२ साली, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

श्री, भूषण की विभूषण?

फॉर्ममध्ये यातलं एक निवडावं लागतं. नियमांची भाषा अशी: पद्मश्री उल्लेखनीय सेवेसाठी, पद्मभूषण उच्च दर्जाच्या उल्लेखनीय सेवेसाठी, पद्मविभूषण असामान्य आणि उल्लेखनीय सेवेसाठी. या तीन वाक्यांतला फरक कुणी नेमका सांगितला तर त्यालाच एक पद्म द्यावं.

खालच्या पायरीवरूनच चढावं असं बंधन नाही. किशोरी आमोणकरांना १९८७ साली पहिलाच पद्मभूषण मिळाला, मग २००२ मध्ये विभूषण. भीमसेन जोशींची वाट मात्र पायरीपायरीने गेली: १९७२ पद्मश्री, १९८५ पद्मभूषण, १९९९ पद्मविभूषण आणि २००८ मध्ये भारतरत्न. एकदा पद्म मिळाल्यावर वरचा मिळायला साधारणपणे किमान पाच वर्षांचं अंतर लागतं. गावपातळीवरच्या कलावंतासाठी पद्मश्रीच टाका, उगाच विभूषण टाकून भाव खाऊ नका.

खरा निकष कुठे आहे

मार्गदर्शक सूचनांमध्ये एक वाक्य आहे, ते फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं. पुरस्कार 'विशेष सेवे'साठी आहे, नुसत्या दीर्घ सेवेसाठी नाही; आणि आपल्या क्षेत्रात नुसतं उत्तम असणं पुरेसं नाही, उत्तमतेच्या वर आणखी काही हवं. कामात लोकसेवेचा अंश असावा अशीही अपेक्षा आहे.

माझ्या मते वाद घालायचा तर तो इथे. अण्णा पंचेचाळीस वर्षं वाजवत होते, ही झाली दीर्घ सेवा. त्यांची बोटं कुणापेक्षाही सरस होती, ही झाली उत्तमता. मग 'आणखी काही' काय? आम्ही दोन संध्याकाळी यावर भांडलो. शेवटी जे सापडलं ते आमच्या डोळ्यांसमोरच होतं: फड बंद पडले, पोरं डीजेकडे वळली, त्या काळात अण्णांनी घराच्या पडवीत पोरांना फुकट शिकवलं. त्यातली काही आज ढोलकीवर पोट भरतात. शिवाय जुन्या बाऱ्यांचे, म्हणजे फडावरच्या जुन्या सादरीकरणांचे, तोडे आणि मुखडे (वाजवायचे ठरलेले बोल) आमच्या भागात फक्त त्यांच्या हातात उरलेत. नामांकन उभं राहिलं ते यावर.

कागदपत्रं: इथेच साथीदार मार खातो

गायकाचं नाव सगळीकडे छापलेलं असतं. साथीदाराचं नसतं. अण्णांच्या घरी एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात कात्रणं होती. प्रत्येक कात्रणात नाचणारीचं नाव, फडमालकाचं नाव, उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचं नाव. ढोलकीवर कोण, ते कुठेच नाही. एका फोटोत त्यांचा फक्त हात दिसत होता.

मग पुरावा कुठून काढायचा? आकाशवाणीवर वाजवलं असेल तर कराराचे कागद आणि श्रेणीचं पत्र (बी, बी हाय, ए, टॉप) याहून भक्कम काही नाही. जुन्या कॅसेटची वेष्टनं बघा, आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात वादकांची नावं असतात. आम्हाला तिथेच अण्णांचं नाव सापडलं, आडनाव चुकलेलं. यात्रेच्या पंचकमिटीच्या वह्यांत सुपारीच्या, म्हणजे कार्यक्रम ठरवल्याच्या, नोंदी असतात. कार्यक्रमाच्या हस्तपत्रिका, स्मरणिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अहवाल, काहीही चालतं, फक्त साल आणि नाव दिसायला हवं. शिष्यांची यादी करा: कोण, कधी शिकला, आता काय करतो. मोबाइलवर दहा मिनिटांचं वादन नीट रेकॉर्ड करून ठेवा. फॉर्मला लागो न लागो, ते राहिलं पाहिजे.

ओळखीच्या कागदात एक हमखास घोळ असतो तो जन्मतारखेचा. आपल्याकडे अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तोच टाकला. अण्णांचाही तोच. आधार कार्डावर एक साल, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. खरी तारीख शोधत बसू नका. आधारवर जे आहे तेच सगळीकडे लावा आणि नावाचं स्पेलिंगही तेच ठेवा. पुढे नाव विचारात आलं तर केंद्रीय यंत्रणांकडून पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, त्या वेळी दोन कागदांवर दोन माणसं दिसायला नकोत.

पोर्टलवर काय करायचं

नामांकन फक्त ऑनलाइन, गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. टपालाने पाठवलेलं पाकीट चालत नाही. मोबाइलवर ओटीपी घेऊन आपली नोंदणी करायची, पद्म पुरस्कार निवडायचा, माणसाची माहिती भरायची, क्षेत्र 'कला' टाकायचं. संगीत, नाटक, सिनेमा, चित्र, शिल्प हे सगळं त्यातच येतं. आधी कुठला पद्म मिळालाय का तेही सांगावं लागतं. भरणं अर्ध्या तासाचं काम आहे, जुळवाजुळवीला महिना जातो.

मुदत नीट बघा. पूर्वी कित्येक वर्षं १ मे ते १५ सप्टेंबर असायची. २०२६ च्या पुरस्कारांसाठी खिडकी १५ मार्च २०२५ ला उघडली आणि तेव्हा जाहीर केलेली शेवटची तारीख ३१ जुलै होती. म्हणजे गणपती झाल्यावर निवांत बसू, असं आता चालत नाही.

शुल्क एक रुपयाही नाही. 'वर ओळख आहे, करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ते ८०० शब्द

सगळा फॉर्म एका रकान्यासाठी असतो: कार्याचं वर्णन, जास्तीत जास्त ८०० शब्द. आमचा पहिला मसुदा एका उत्साही सरांनी लिहिला. सुरुवात अशी होती: "सरस्वतीचा वरदहस्त लाभलेले, ढोलकीचे अनभिषिक्त सम्राट, ज्यांच्या थापेने महाराष्ट्र डोलला..." दोनशे शब्द झाले तरी अण्णा कुठल्या गावचे ते कळत नव्हतं. पुढचे दोनशे कुणी कधी शाल-श्रीफळ दिलं यात गेले.

ते सगळं कापलं आणि साध्या वाक्यांवर आलो. जन्म कुठे, वाजवायला कुणाकडे शिकले, कुठल्या फडांबरोबर किती वर्षं, कुठल्या साली पडवीतली शिकवणी सुरू केली, किती पोरं शिकली, त्यातली किती आज वाजवतात. वाजवण्यात वेगळं काय, हे दोनच वाक्यांत, पण नेमकं: चाटेवरचा (उंच आवाजाच्या तोंडावरचा) हात कसा, धुमेवरचा (खर्जाच्या तोंडावरचा) कसा, कुठली जुनी बारी फक्त त्यांना येते. वाचणाऱ्याने ढोलकी कधी ऐकलेली नसेल हे धरून लिहा. नावं निवडणाऱ्या पद्म पुरस्कार समितीत कॅबिनेट सचिव अध्यक्ष असतात, गृह सचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव असतात, शिवाय विविध क्षेत्रांतली चार ते सहा मान्यवर मंडळी. त्यांच्यापैकी कुणी तमाशाच्या तंबूत बसलेलं असेलच असं नाही. विशेषण त्यांना काही सांगत नाही. सांगते ती पडवीतली पोरं.

आम्ही शेवटी ६४० शब्दांवर थांबलो. ८०० भरलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

त्यानंतर

समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. राज्य सरकारंही आपल्या शिफारशी वेगळ्या पाठवतात, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून दुसऱ्या वाटेनेही नाव जाईल असं बघायला हरकत नाही.

लेखी संमती मागत नाहीत, पण यादी जाहीर होण्याआधी दिल्लीहून फोन येतो. त्या वेळी नको म्हणता येतं. सतारिये विलायत खाँ यांनी पद्म पुरस्कार नाकारले. एस. जानकींनी २०१३ साली पद्मभूषण फार उशिरा आला म्हणून घेतला नाही. २०२२ मध्ये नव्वदीतल्या गायिका संध्या मुखर्जींनी पद्मश्रीला नकार दिला. म्हणून फॉर्म भरण्याआधी कलावंताला विचारून घ्या. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "भरा, पण सूनबाईला सांगू नका, ती गावभर करेल."

मिळालंच तर काय? राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. पैसे नाहीत. आणि हा किताब नाही. नावाच्या आधी किंवा नंतर 'पद्मश्री' लावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली ते स्पष्ट केलंय. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांपर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही.

पैशाची गरज असेल तर दुसरी दारं ठोठवा. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराला एक लाख रुपये असतात, चाळिशीच्या आतल्यांसाठीच्या बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्काराला २५ हजार. आणि राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत महिन्याला ५,००० रुपये मिळतात. तिला उत्पन्नाची अट आहे आणि अर्ज वेगळा करावा लागतो. अण्णांचा तो अर्ज आम्ही पद्मच्या आधी भरला. कात्रणांची तीच पेटी दोन्हीकडे कामाला आली.