जुनी काडतुसं पाण्यात टाकली की मेली?

आजोबांच्या .32 रिव्हॉल्व्हरची उरलेली काडतुसं खाडीत टाकली किंवा रात्रभर तेलात बुडवली की निकामी होतात, असं रत्नागिरीपासून मालवणपर्यंत सर्रास सांगतात. हे खोटं आहे. कारखान्याच्या काडतुसात कॅपच्या (बुडाशी बसवलेली, ठोका बसताच ठिणगी देणारी टोपी) कडेला बहुधा लाखेसारखा लेप असतो, त्यामुळे पाणी आत जाईलच असं नाही. आणि भिजलेली कॅप वाळली की पुन्हा पेटू शकते.

तेल तर अर्धवट काम करतं, हे जास्त वाईट. दारू नीट न पेटता फक्त कॅपच्या जोरावर गोळी नळीत अडकू शकते. 'फुस्स' आवाज ऐकूनही पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबायचं.

काडतुसाच्या पितळेवरचा हिरवा थर बघाच, पण मानेजवळची, म्हणजे गोळी बसते तिथली, केसाएवढी उभी चीर अधिक घातक. गोठ्यातला अमोनिया आणि पावसाळी दमट हवा पितळ तडकवते. ब्रिटिश फौजेची तबेल्यात ठेवलेली काडतुसं अशीच तडकली होती. अमोनियाचं पॉलिशही नको. जाळणं, ठोकून उघडणं तर नाहीच.

परवानाधारक वारला असेल तर वारसाने काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. शस्त्र अधिनियम 1959, कलम 21. पोचपावती घ्या. माळ्यावर बेवारस सापडली तर हात न लावता 112 ला फोन करा. 'स्वस्तात देतो' म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडून मात्र एकही घेऊ नका, परवाना असला तरी.