दुप्पट म्हणता म्हणता आठपट

घनाच्या सगळ्या बाजू दुप्पट केल्या की घनफळही दुप्पट होणार, असं कुणालाही चटकन वाटतं. ही चूक निदान सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे.

प्राचीन ग्रीक गणिती एराटोस्थेनिसच्या नावावर इजिप्तच्या टॉलेमी राजाला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात एका जुन्या ग्रीक शोकनाट्याचा दाखला येतो. दंतकथेतल्या क्रीट बेटाच्या राजा मिनॉसला त्याच्या मुलाचं, ग्लॉकसचं, थडगं लहान वाटतं. थडगं घनाकृती, बाजू शंभर फूट. दुप्पट मोठं हवं म्हणून तो प्रत्येक बाजू दुप्पट करायला सांगतो. पत्रलेखक तिथेच टोकतो: अशाने पृष्ठभाग चौपट होईल आणि घनफळ आठपट. हिशेब करून पाहा. आधी दहा लाख घनफूट, हवे होते वीस लाख, मिनॉसच्या हुकुमाने झाले असते ऐंशी लाख! खरं तर बाजू १२६ फुटांच्या जरा आत ठेवली की काम झालं.

पण ही १२६ची लांबी म्हणजे २चं घनमूळ गुणिले शंभर, आणि ती पट्टी-कंपासने नेमकी काढायची कशी? डेलॉस बेटावरची घनाकृती वेदी दुप्पट करा, असा देववाणीचा हुकूम झाल्याची दंतकथा याच कोड्याभोवती रचली गेली. हिपोक्रॅटिसने (वैद्य नव्हे, किऑस बेटावरचा गणिती) कोडं दोन मध्यम प्रमाणपदं शोधण्यावर आणलं, म्हणजे मूळ बाजू आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये अशा दोन लांब्या बसवायच्या, की चारही लांब्या एकाच पटीने वाढत जातील. आर्किटास या दुसऱ्या ग्रीक गणितीने तर तीन वक्र पृष्ठं एकमेकांना छेदवून उत्तर काढलं. कागदावर न मावणारी ही युक्ती मला आजही थक्क करते. पट्टी-कंपासने मात्र हे जमणारच नाही, हे फ्रेंच गणिती वाँत्झेलने सिद्ध केलं ते १८३७ साली.

त्याच्या कितीतरी आधी, प्राचीन ग्रीक काळातच, युक्लिडने गोलांची घनफळं व्यासांच्या घनांच्या प्रमाणात असतात, हे सिद्ध करून ठेवलं होतं. तरी या नियमाची खरी धग जाणवली ती गॅलिलिओला. १६३८च्या ग्रंथात त्याने एक साधं हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचं दुसरं, अशी जोडी काढून दाखवली. सगळी मापं सारखीच तिप्पट केली तर प्राण्याचं वजन २७ पट वाढतं, पण ते पेलणारा हाडाचा छेद ९ पटच. म्हणजे दर चौरस इंचावर तिप्पट भार. म्हणून त्याने मोठं हाड जाडीला बेसुमार वाढवलंय. चित्रात ते हाड कमी आणि ओंडका जास्त वाटतं.