ऑलिव्हचं तेल काढून झालं, पण चोथ्याचं काय?

पुण्यातल्या सुपरमार्केटमध्ये एक्स्ट्रा व्हर्जिनच्या बाटलीशेजारी 'पोमेस' लिहिलेले स्वस्त डबे असतात बघा. पोमेस म्हणजे ऑलिव्हचा चोथा. त्यात राहिलेलं थोडंफार तेल हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटने ओढून काढतात, रिफाइन करतात, त्यात थोडं व्हर्जिन तेल मिसळतात आणि मग ते आपल्याकडे तळणासाठी येतं. पण खरा विषय त्या चोथ्याचाच आहे, कारण १०० किलो ऑलिव्हमधून तेल निघतं साधारण २० किलो, आणि बाकी सगळा ओला, काळपट, कडू लगदा.

जुन्या पद्धतीत पाणी घालून तेल वेगळं करायचे, मग लगद्याबरोबर काळं पाणीही ढीगभर निघायचं आणि ते ओढ्यात सोडलं की पाण्यातला ऑक्सिजन संपायचा, शेतात गेलं तर बी रुजायचं नाही. १९९० च्या दशकात स्पेनने मशिनं बदलली, काळं पाणी जवळजवळ बंद झालं पण सगळा भार लगद्यावर आला. तिकडे त्याला आल्पेरुहो म्हणतात, त्यात ६५-७० टक्के पाणी असतं, त्यामुळे तो वाळवायलाच प्रचंड इंधन जातं.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. हा कचरा घातक ठरतो तो मुख्यतः त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या कडवट संयुगांमुळे, आणि फळातल्या पॉलिफेनॉलपैकी तेलात उतरतात जेमतेम २ टक्के, बाकी सगळे टाकाऊ मालात! त्यातलंच एक हायड्रॉक्सीटायरोसॉल, जबरदस्त अँटिऑक्सिडंट. ऑलिव्ह ऑइलमधून हे आणि याच्या जवळची संयुगं मिळून रोज ५ मिलिग्रॅम पोटात गेली तर रक्तातल्या एलडीएलचं (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) ऑक्सिडेशनपासून रक्षण होतं, हे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये मान्य केलंय. म्हणजे जे नदीत विष ठरतं तेच नीट वेगळं काढलं तर औषधी किमतीचं.

म्हणून चोथा सरसकट जाळून वीज केली की झालं, हे मला अजिबात पटत नाही. जाळणं सगळ्यात शेवटी यावं. आधी पॉलिफेनॉल काढा, बाठे वेगळे करा (ते मस्त जळतात, तेलगिरणीचा बॉयलर त्यावरच चालतो), मग उरलेल्याचा बायोगॅस करा, नाहीतर शेणखत आणि छाटणीची पानं मिसळून काही महिने कंपोस्ट होऊ द्या. ताजा लगदा थेट झाडाला घालायचा नाही, कंपोस्ट झाल्यावर मात्र त्यात पोटॅश भरपूर असतं आणि ते परत त्याच बागेत जातं.

अडचण एकच, एकट्या छोट्या गिरणीला हे सगळं परवडत नाही. स्पेनच्या हाएन भागातल्या कितीतरी गिरण्या शेतकऱ्यांच्या सहकारी आहेत, त्यांचा लगदा एकत्र मोठ्या प्लँटला जातो म्हणून तिथे गणित जमतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांना हे नवीन नाही, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज, मळीचं इथेनॉल, प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या गाळाचं) खत, तेही शेकडो शेतकऱ्यांचा ऊस एका जागी येतो म्हणूनच शक्य होतं.