उभ्या विमानाचं इंजिन

जुनं खासगी विमान विकत घेताना पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन किती तास चाललंय?’ तास कमी भरले की घेणारा खूश होतो. मला विचाराल तर, मधल्या काळात ते नुसतं उभं किती होतं, हे आधी विचारावं.

अमेरिकेतलं सेस्ना १७२ हे छोटं चार आसनी विमान घ्या. १९५६ पासून अशी ४४ हजारांहून जास्त विमानं बनली आणि त्यातली कितीतरी चाळीस-पन्नास वर्षांनंतरही उडताहेत. १९६८ पासून त्यांत लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन येऊ लागलं. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, या इंजिनात पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, वर असतो. इंजिन चालू असताना त्याच्यावर तेल उडत राहतं. बंद झालं की ते निथळून खाली जातं. विमान बरेच दिवस हललं नाही, तर कॅमवर, म्हणजे त्या दांड्यावरच्या उंचवट्यांवर, तेलाचा जेमतेम थर उरतो.

त्यात भर पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून बाहेर पडते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून तेलात उतरते. चांगलं तासभर उड्डाण झालं, तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, की ती उडून जाते. काही मालक विमान न उडवता जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालवतात. त्याने नुकसानच होतं: पाणी तयार होतं, पण ते घालवण्याइतकं तेल तापत नाही.

मग कॅमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. कॅम आणि टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग) एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात, आणि खड्ड्यांच्या कडेने पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात.

हे कळतं तेल बदलताना. वार्षिक तपासणीला खास अधिकार असलेला मेकॅनिक लागतो, पण तेल बदलण्याचं काम अमेरिकेत वैमानिक-मालक स्वतः करून लॉगबुकात नोंदवू शकतो. लायकमिंग सांगते, ५० तास किंवा चार महिने, जे आधी भरेल तेव्हा तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर तसाच फेकू नये. कटरने त्याचा डबा गोल कापायचा, आतल्या कागदातलं तेल दाबून काढायचं, एकेक घडी उलगडून उजेडात धरायची. चकाकणारे कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे. नाही चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियमचे.

पोलादाचे कण भरपूर निघाले, तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅमशाफ्ट क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या, दोन अर्ध्या भागांच्या मधे बसलेला असतो. तो बदलायला इंजिन विमानावरून उतरवावं लागतं, चारही सिलिंडर काढावे लागतात आणि केस मधोमध उघडावी लागते.