एकाच शब्दाचं यमक

'काळ हेच औषध' असं आपण सहज बोलून जातो. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला हे ऐकवण्याआधी मात्र इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनची एक कविता वाचावी आणि रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हचे कुत्रे आठवावेत.

ओवेन पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. १९१७ मध्ये 'शेल शॉक', म्हणजे युद्धाचा मानसिक धक्का, बसला म्हणून त्याला एडिंबरामधल्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात धाडलं. तिथेच त्याने 'डुल्चे एत देकोरुम एस्त' या कवितेचा पहिला खर्डा लिहिला. विषारी वायूचा हल्ला होतो, सगळे धडपडत मुखवटे चढवतात, एकाला ते साधत नाही. धूसर काचेतून तो हिरव्या समुद्रात बुडताना दिसतो. इथवर सगळं भूतकाळात आहे. मग दोन सुट्या ओळी येतात आणि क्रियापद एकदम वर्तमानकाळात जातं: माझ्या प्रत्येक स्वप्नात तो माझ्यावर झेपावतो आणि मी हतबल होऊन बघतो. इथे 'ड्राउनिंग'ला (बुडणं) यमक जुळवलंय तेही 'ड्राउनिंग'चंच. यमकांचे नाना प्रयोग करणाऱ्या कवीला दुसरा शब्द सुचला नाही, हे मला पटत नाही. आठवण पुढे सरकतच नाही, हे त्याला असंच सांगायचं असावं.

ती का सरकत नाही? एरवी मेंदूतला हिप्पोकॅम्पस घटनेला 'कुठे, केव्हा'ची चिठ्ठी लावतो. प्राणावर बेततं तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाच्या लोंढ्यात अमिग्डाला हा मेंदूतला भीती सांभाळणारा भाग भीती ठळक कोरून ठेवतो, चिठ्ठी मात्र नीट चिकटत नाही, असा एक मातब्बर सिद्धान्त आहे. मग एखादा वास किंवा आवाज आला की ती घटना आठवत नाही, ती पुन्हा घडते.

आता पाव्हलोव्ह. घंटा आणि अन्न यांची सांगड घातली की नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते. अन्न न देता घंटा वाजवत राहिलं की लाळ थांबते. शाळेतला धडा बहुधा इथे संपतो, पण खरी मौज पुढे आहे. थोडा काळ जाऊ दिला आणि पुन्हा घंटा वाजवली की लाळ परत सुटते! म्हणजे जुनी सांगड पुसलेली नव्हतीच, तिच्यावर नवी लिहिली होती. भीतीचंही तेच. 'आता धोका नाही' हा नवा धडा कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या आतल्या-खालच्या भागाच्या भरवशावर टिकतो. तिथून निघालेले संदेश अमिग्डालातल्या मध्यस्थ पेशींना चेतवतात आणि त्या पेशी भीतीची प्रतिक्रिया सोडणाऱ्या केंद्रकाला दाबून धरतात. गोम अशी की जुनी आठवण सगळीकडे लागू पडते आणि नवी मुख्यतः जिथे शिकली तिथेच. जागा बदलली, मध्ये दिवस गेले, की पारडं जुनीकडे झुकतं. काळ इथे औषध नाही, उलट शत्रूला फितूर आहे. म्हणूनच उपचारांत हा धडा निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो.

२००० साली उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की जागी केलेली भीतीची आठवण काही काळ ठिसूळ होते. तेव्हापासून 'आठवणी पुसणारी गोळी' अधूनमधून बातम्यांत झळकते. त्या उंदरांच्या थेट अमिग्डालात औषध टोचलं होतं आणि त्यांची आठवण एका आवाजाची आणि एका विजेच्या झटक्याची होती, हे बातमीत सहसा नसतं.

शिवाय भीती हे भाकीत असतं, ते खोटं ठरवता येतं. 'मी त्याला मारलं' हे भाकीत नाही, ते घडलेलं आहे. ते खोटं ठरवायला कुठली घंटा वाजवणार? पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हे निदान १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार नियमावलीत आलं, पण त्याचा साचा मुख्यतः भीतीचा होता. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी वेगळा शब्द पुढे आणला: नैतिक जखम. तिच्यावरच्या एका उपचारात रुग्ण मनातल्या मनात एखाद्या क्षमाशील वडीलधाऱ्याशी किंवा गमावलेल्या सोबत्याशी बोलतो, आणि समोरच्याच्या तोंडून उत्तरही देतो.

ओवेनने १९१८ मध्येच असं संभाषण लिहून ठेवलंय. 'स्ट्रेंज मीटिंग'मध्ये सैनिकाला पाताळात एक माणूस भेटतो आणि पुष्कळ बोलून झाल्यावर सांगतो: मित्रा, तू काल मारलेला शत्रू तो मीच. शिव्याशाप नाहीत, क्षमाही नाही. 'आता झोपू या' एवढंच तो म्हणतो, आणि कवितेची ती शेवटची ओळ वृत्तात अर्धीही भरत नाही.