एम२ की २-५६? ग्रब स्क्रूंच्या जुळ्या जोड्या

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खोबणीतून धावणारी विजेवरची छोटी गाडी. तिच्या चाकाच्या किंवा गिअरच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, बिनडोक्याचा एक बारीक ग्रब स्क्रू असतो. ॲलन कीने आवळला की त्याचं टोक ॲक्सलवर (चाकाच्या दांड्यावर) दाबलं जातं आणि चाक जागेवर पक्कं राहतं. गिअरचा स्क्रू सैल झाला तर मोटर ओरडत राहते, गाडी जागची हलत नाही. चाकाचा सैल झाला तर भर वळणावर चाक बाहेर सरकतं. मग आपण नवा स्क्रू शोधतो, आणि इथेच घोळ सुरू होतो, कारण या आकारात मेट्रिक आणि इंची असे दोन स्क्रू नुसत्या डोळ्यांना अगदी सारखे दिसतात.

खऱ्या गाडीच्या १/३२ मापाच्या युरोपियन गाड्यांत बहुधा मेट्रिक एम२ किंवा एम२.५ असतो. अमेरिकन १/२४ चाकांत इंची ४-४० सर्रास आढळतो, लहान हबमध्ये २-५६. इंची नावातला पहिला आकडा जाडीचा क्रमांक असतो, दुसरा एका इंचातल्या आट्यांची संख्या.

आता एम२ आणि २-५६ शेजारी ठेवा. एम२ ची जाडी २ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.४ मिमी. २-५६ ची जाडी २.१८ मिमी, पिच सुमारे ०.४५ मिमी. चावी? एम२ ला ०.९ मिमी, २-५६ ला ०.०३५ इंच, म्हणजे ०.८८९ मिमी. एवढासा फरक खाचेतल्या नेहमीच्या सैलपणातच जिरतो, म्हणून एकच चावी दोन्हीत बसते. मोठ्या जोडीतही तेच: एम२.५ ला १.३ मिमी, ४-४० ला ०.०५० इंच, म्हणजे १.२७. चावी बसली म्हणजे स्क्रू बरोबर, हा समज त्यामुळेच पसरतो. चावीला आट्यांबद्दल काहीही कळत नाही.

ॲक्सलवरून ओळखायला जाल तर तेही फसवं. मेट्रिक स्क्रूच्या कित्येक गाड्यांत ॲक्सल ३/३२ इंची, म्हणजे २.३८ मिमीचाच असतो.

चुकीची अदलाबदल दोन तऱ्हांनी नडते. २-५६ च्या भोकात एम२ घातला तर तो सुळकन आत जातो, टोक ॲक्सलला टेकतं, घट्ट झाल्यासारखंही वाटतं. पण धातूची पकड आट्यांच्या फक्त शेंड्यांवर असते. थोडा जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. उलट एम२ च्या भोकात २-५६ सुरुवातीलाच अडतो, आणि रेटला तर मऊ हबमध्ये स्वतःचे नवे आटे पाडत जातो. माझ्या मते पहिला प्रकार जास्त घातक, कारण तो तक्रार करत नाही. हबची भिंतच इतकी पातळ असते की त्यात जेमतेम तीन-चार आटे मावतात, त्यामुळे पिचमधली तफावत हाताला जाणवण्याआधीच स्क्रू तळाला पोचलेला असतो. एम२.५ आणि ४-४० मध्ये तर पिच ०.४५ विरुद्ध ०.६३५, तरीही एम२.५ सैलसर का होईना, आत शिरू शकतो.

ओळखायचं कसं? डिजिटल कॅलिपरने स्क्रूची बाहेरची जाडी मोजा. प्रत्यक्ष माप नावापेक्षा किंचित कमी येतं: १.९५ च्या आसपास आलं तर एम२, २.१५ ला २-५६, २.४५ ला एम२.५, २.८ ला ४-४०. खात्री नसेल तर माहितीतला स्क्रू संशयिताला चिकटवून उजेडात धरा. आटे एकमेकांत बसले आणि मधून फट दिसली नाही तर पिच एकच. हबमध्ये घालताना आधी उलटा फिरवून आट्याची सुरुवात सापडू द्या, मग बोटांच्या जोरावर आत न्या. बोटांनी जात नसेल तर चावीने न्यायचा नाही.

दर्जाचं म्हणाल तर काळा, कडक केलेल्या अलॉय स्टीलचा स्क्रू घ्या. मेट्रिकमध्ये त्याची वर्गवारी ४५एच अशी लिहितात. चकचकीत स्टेनलेसचा मोह होतो, पण ते मऊ असतं आणि ०.९ मिमीची इवलीशी षटकोनी खाच पटकन गोल होते. चावीचं टोक झिजलं असेल तर उत्तम स्क्रूही वाया जातो. लांबी अशी हवी की आवळल्यावर स्क्रू हबच्या बाहेर डोकावणार नाही. टोकाबद्दल थोडक्यात: कप पॉइंटची, म्हणजे वाटीसारख्या खोलगट टोकाची, कड ॲक्सलमध्ये रुतते, पकड चांगली, पण बर (धातूची खरखरीत कड) उठतो आणि चाक काढताना त्याचं भोक खरवडतं. वारंवार काढायच्या चाकाला मी सपाट टोकाचा फ्लॅट पॉइंट वापरेन, एकदा बसवून विसरायच्या गिअरला कप.

आटे गेलेच असतील तर हब लगेच टाकू नका. एम२ चं भोक २.०५ मिमी ड्रिलने साफ करून एम२.५ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारता येतो. २-५६ च्या बिघडलेल्या भोकाला मात्र तो नको: त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यासच २.१८ असल्याने एम२.५ चे आटे उथळ पडतील. तिथे २.२६ मिमीचं ड्रिल आणि ४-४० चा टॅप, अर्थात हबची भिंत तेवढी रुंद असेल तरच.