लघुग्रहांचा अभ्यास करायचाय? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

उल्का आणि लघुग्रह हाच विषय घेऊन खगोलशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर पदवीला तो वेगळा विषय म्हणून शोधू नका. भौतिकशास्त्र-गणितातून पदवी, मग एमएस्सी, मग पीएचडी असा बारावीनंतरचा दहा-एक वर्षांचा रस्ता आहे. जमिनीवर पडलेल्या अशनींचा अभ्यास करायचा असेल तर भूशास्त्रातून किंवा रसायनशास्त्रातूनही जाता येतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत हे काम चालतं.

पीयूसीला (अकरावी-बारावी) भौतिक, रसायन, गणितासोबत जीवशास्त्र (पीसीएमबी) घ्या किंवा संगणकशास्त्र (पीसीएमसी), दोन्ही चालतात. लघुग्रहांच्या कक्षा काढण्याचं काम आता बहुतेक संगणकावरच होतं, म्हणून माझा कल पीसीएमसीकडे आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेल्यांना विज्ञान एकदम इंग्रजीतून शिकताना पहिले काही महिने जड जातात. तेवढ्यावरून आर्ट्सकडे वळू नका. खानापूर-निपाणीकडची हुशार मुलं इथेच गळतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

बारावीनंतरची मोठी संधी म्हणजे आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था. पुण्यासह देशातल्या सात आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश आयएटी परीक्षेतून होतो. त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी बारावी पास, ६० टक्के गुण (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५) आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांपैकी किमान तीन विषय, एवढी पात्रता लागते. प्रश्न ६०, गुण २४०, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पेपरात जीवशास्त्राचे १५ प्रश्न असतात, तेव्हा पीसीएमसीवाल्यांनी त्यांची थोडी वेगळी तयारी ठेवावी. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.

घरोघरी पहिला प्रश्न असतो, 'आम्ही कर्नाटकातले, पुण्याला चालेल का?' चालेल. आयसरमध्ये राज्याचा कोटा नाही, डोमिसाइल कोणी विचारत नाही. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात जी सोय ठेवली आहे ती इथे लागू होत नाही, आणि तिची गरजही पडत नाही.

अडतं ते कागदांपाशी. एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर नाव आणि आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनावासह पूर्ण नाव, नाडकचेरीच्या (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या) दाखल्यात कन्नडवरून आलेलं तिसरंच स्पेलिंग, असं आपल्याकडे सर्रास असतं. अर्जात एसएसएलसीप्रमाणेच नाव लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. मार्क्सकार्डातच चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्या पीयूसीतच हाती घ्या.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. कर्नाटकच्या मागासवर्ग यादीतल्या २ए किंवा ३बी गटाचा दाखला केंद्रीय संस्थांत ओबीसी म्हणून आपोआप धरला जात नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर तहसीलदार कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला घ्या, तोही चालू आर्थिक वर्षातला. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच. कन्नडमधला कागद जोडायचा असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. याशिवाय दहावी-बारावीची मार्क्सकार्डं, फोटो, सही आणि फोटोचं ओळखपत्र स्कॅन करून ठेवा.

आयसर नाही मिळालं तर वाट बंद होत नाही. बेळगावातच भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी करा आणि शेवटच्या वर्षी एमएस्सी प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्या. आयआयटी इंदूरला तर खगोलशास्त्राचीच एमएस्सी आहे. पुढे पीएचडीसाठी जेस्ट, सीएसआयआर-नेट किंवा गेट यांपैकी एक प्रवेशपरीक्षा लागते. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आयनॅट ही स्वतःची परीक्षा घेते. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये मिळतात, त्यावर घरभाडं वेगळं. घरच्यांना हा आकडा आवर्जून सांगा, कारण 'अजून पाच वर्षं कोण पोसणार' या काळजीने पुष्कळ मुलींचं शिक्षण एमएस्सीवरच थांबतं.

पीयूसीत असतानाच दोन गोष्टी करता येतात. पहिली, नोव्हेंबरात होणारी एनएसईए ही खगोलशास्त्राची परीक्षा. ती ऑलिंपियाडची पहिली पायरी आहे. तिच्या नोंदणीबद्दल कॉलेज सुरू होताच भौतिकशास्त्राच्या सरांना विचारा. दुसरी, आयएएससी या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची लघुग्रह शोधमोहीम. शिक्षकांसह संघ करून मोफत नोंदणी करायची. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेली छायाचित्रं येतात आणि ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरवर त्यांत सरकणारा ठिपका शोधायचा. १९८८मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून सापडलेला ४१३० रामानुजन हा लघुग्रहसुद्धा छायाचित्रांत असा सरकतानाच ओळखला गेला होता. मोहिमेत मिळणारं प्रमाणपत्र आयएटीच्या गुणांत धरलं जात नाही. सापडलेल्या ठिपक्याची कक्षा नक्की होऊन त्याला क्रमांक मिळायलाही काही वर्षं लागतात, तेव्हा निरीक्षणांची वही जपून ठेवा.